आजपासून तुम्ही या घरचे

साइली दिदीचं खरं नाव धनरूपा राई. पण ते नाव चहाच्या मळ्याच्या ऑफिसात राहतं, माणसांत येत नाही. आईबापाची तिसरी मुलगी म्हणून साइली. लग्न होऊन आमच्या वस्तीत आली तरी साइलीच. खाली खरसांगच्या रस्त्याला वळणावर जो निळा फलक आहे, त्यावरही ‘साइली होमस्टे’ असंच लिहिलंय. फलक तिच्या मुलीनं, रोमिकानं रंगवला. त्यावर एक बाई काढलीय. पाठीवर डोको, म्हणजे आमची पानं खुडायची टोपली, टोपलीचा पट्टा कपाळावरून गेलेला, आणि तोंडभर हसू.

आम्ही सगळ्या शेजारणी फलक बघायला गेलो होतो. साइली दिदी बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिली.

“ही कोण गं?”

“तूच की, आमा.”

“पाठीवर डोको असताना मी कधी हसले?”

शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे येतात, बहुतेक कोलकात्याचे. वळणांनी गाडी लागलेली असते, म्हणून उतरल्या उतरल्या आधी झाड शोधतात, मग डोंगराकडे बघतात, मग फोनकडे. साइली दिदी दारात उभी असते. अंगात रोमिकानं इस्त्री केलेली चौबंदी चोळी, हातावर खादा, म्हणजे मानाची पांढरी उपरणी. एकेकाच्या गळ्यात खादा घालायचा, हात जोडायचे आणि हिंदीत म्हणायचं, “आजपासून तुम्ही या घरचे.”

हे वाक्यही रोमिकाचं. पहिल्यांदा ते म्हणायचं होतं तेव्हा साइली दिदी माझ्या अंगणात येऊन बसली होती. माझं घर तिच्या घराच्या वरच्या पायरीवर. माझ्या अंगणातून वाकलं की तिच्या चुलीवर काय शिजतंय ते दिसतं. मी वयानं लहान, म्हणून ती मला कान्छी म्हणते.

“कान्छी, दोन रात्रींसाठी आलेल्या माणसाला घरचं कसं म्हणू? उद्या वाटणी मागितली म्हणजे?”

खालून रोमिका ओरडली, “आमा, म्हणायचं असतं तसं!”

“म्हणायचं असतं म्हणजे खोटं बोलायचं असतं.”

“गोड बोलायचं असतं.”

तिनं ते वाक्य मळ्यात पानं खुडता खुडता पाठ केलं. आमची पूर्ण रांग त्या दिवशी एकमेकींना घरची म्हणत होती आणि सरदार, म्हणजे आमचा मुकादम, आमच्यावर खेकसत होता.

रविवारी निघताना पाहुण्यांचंही एक वाक्य ठरलेलं असतं. “दीदी, किती शांत आहे इथं! जावंसंच वाटत नाही.” साइली दिदी त्यावर नुसती हसायची. तिला स्वतःला इथून जावंसं वाटू लागून किती फागुन उलटले, ते त्यांना कुठून ठाऊक असणार?

घर तिचं नाही. आमचं कुणाचंच नाही. भिंती आपण लिंपायच्या, पत्रा आपण बदलायचा, पाहुण्यांसाठी वर दोन लाकडी खोल्या आपण चढवायच्या. पण जमीन मळ्याची, आणि घर मळ्यात राबणाऱ्याचं. घरातलं एक माणूस मळ्यात हवंच. त्याचं वय भरलं की घरातलंच दुसरं माणूस त्याच्या जागी उभं करायचं. याला आम्ही बदली म्हणतो. बदली उभी राहिली तर चूल जागेवर राहते. नाही राहिली तर भांडी डोक्यावर घेऊन उतरायचं.

साइली दिदी पळून आलेली. आमच्याकडे निम्मी लग्नं तशीच होतात, त्यात कुणाची मान खाली जात नाही. तीन दिवसांनी मुलाकडची माणसं मुलीच्या दारी जातात, गळ्याला लोणी लावलेली शगुनाच्या दारूची बाटली पुढे ठेवतात आणि कबूल करतात की चोर आम्हीच. घरच्यानं बाटलीचं बूच काढलं की लग्न मान्य. बाटली न उघडता परत केली तर मुलगी परत.

“मला वाटलं, हर्कबीर माझ्या डोळ्यांवर भुलला,” ती सांगायची. “महिन्याभरात सासूनं आपला पट्टा काढून माझ्या कपाळावर बसवून बघितला. म्हणाली, नीट बसतोय. तेव्हा कळलं, माझ्या कुठल्या अवयवावर कोण भुललं होतं ते.”

हे ती हसत सांगायची आणि आम्ही हसत ऐकायचो. सासू गेली, हर्कबीर गेला, पट्टा राहिला. तिच्या डोक्यावर पट्ट्याची खाच आहे. वेणी घालताना बोट घसरतं तिथं.

आता तिचं वय भरायला आलं होतं. येत्या फागुनात. थोरला मुलगा बेंगळुरूला हॉटेलात भटारखान्यात असतो. त्याला फोन केला की तिकडून भांड्यांचा आवाज येतो आणि तो म्हणतो, “आमा, ऐकू येत नाही.” उरली रोमिका. कॉलेज झालेली, हिंदी-इंग्रजी-बंगाली बोलणारी, फलक रंगवणारी.

तिहार, म्हणजे आमची दिवाळी, तोंडावर असताना एका सकाळी मी वरून बघितलं. साइली दिदीनं पट्ट्याला तेल लावून तो मऊ केला होता. रोमिका चुलीपाशी पाठमोरी बसून सेलरोटीचं पीठ फेटत होती. साइली दिदी मागून गेली आणि सहज करावं तसं तिनं तो पट्टा लेकीच्या कपाळाला लावून बघितला. पीठ फेटणारा हात थांबला. मग हात परत फिरायला लागला आणि साइली दिदीनं पट्टा खिळ्याला टांगला.

तिहार संपल्यावरच्या शुक्रवारी समाद्दार बाबू आणि त्यांची बायको केया आले. बाबू गोल, गळ्यापर्यंत गुंडाळलेले, कानटोपी सिलिगुडीपासून घातलेली. घेऊन आला बिजेन तामाङ, ओढ्यापलीकडच्या मळ्यातला, नेहमीचाच ड्रायव्हर. गळ्यात खादा पडला, घरचे झाले, जेवले, झोपले.

शनिवारी मळा चालू असतो. साइली दिदी आणि मी सकाळी पानं खुडायला गेलो, दुपारी वजन करून परत आलो. दारात समाद्दार बाबू उभे. पायांत बूट, गळ्यात कॅमेरा आणि कालचा खादा, चेहरा आमच्या लाल गोल मिरचीसारखा.

“दीदी, आमची गाडी कुठंय?”

“बिजेनकडे.”

“आणि बिजेन कुठंय?”

“गाडीत असेल ना, बाबू.”

“सकाळी आम्ही मिरिकच्या तलावाला निघणार होतो! डॉक्टरांनी मला सांगितलंय, दोन दिवस डोकं शांत ठेवा, आराम करा. सकाळपासून मी बूट घालून आराम करतोय!”

केया मॅडम मागून म्हणाल्या, “तुमची मुलगीच म्हणाली, पेट्रोल भरून येतो. ती पण गेलीय गाडीतून. पुढच्या सीटवर होती. लाल शाल, केस मोकळे. फार गोड दिसत होती.”

साइली दिदीनं माझ्याकडे बघितलं. “कान्छी, पेट्रोल भरायला केस मोकळे सोडून कोण जातं?”

ती आत गेली. मी मागोमाग. चूल थंड. रोमिकाच्या खाटेखालची पेटी गायब. इस्त्रीची चौबंदी चोळी तेवढी घडी घालून ठेवलेली, आईला संध्याकाळी लागेल म्हणून. खिळ्याला पट्टा होता तसाच. साइली दिदी त्याच्याखाली भिंतीला टेकून खाली बसली.

“पळाली.”

“दिदी, परत येईल गं.”

“पळू दे. कुठवर पळेल? ओढ्यापर्यंत.” तिनं वर पट्ट्याकडे बघितलं. “तीन महिने, कान्छी. तीन महिने थांबायचं होतं तिला. माझ्या जागी नाव लागलं असतं, मग कर म्हटलं असतं लग्न. नवऱ्याला आण या घरात, म्हटलं असतं. आता फागुनात ऑफिसात कुणाला उभं करू? कोंबडीला?”

वरून बाबूंचा आवाज आला, “दीदी! निदान जेवण तरी?”

तिनं पदरानं तोंड पुसलं, चूल पेटवली आणि माझ्यापुढे भाजीसाठी इस्कुस टाकले. “सोल. पाहुण्यांसमोर डोळे ओले करू नकोस. त्यांना वाटेल, भाजी तिखट आहे.”

जेवणं झाली. धुकं उतरलं. समोरचं काही दिसेना, म्हणून पाहुणे खालच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसले. बाबू भिंतीवरच्या हर्कबीरच्या फोटोकडे बघत होते. साइली दिदी त्यांना चहा देत होती. तेवढ्यात खालच्या वळणावरून गाडीचा आवाज आला. आवाज म्हणजे आधी गुरगुर, मग धक्का, मग शांतता, मग परत गुरगुर. खोकला झालेला रेडा चढण चढावा तशी गाडी वर आली.

“आली!” बाबू उठलेच.

गाडी अंगणात थांबली. स्टिअरिंगवर रोमिका होती. शेजारी बिजेन, दोन्ही हात मांडीत घालून. मागच्या दारातून आधी एक कोंबडा बाहेर आला, मग कोंबडा धरलेला बिजेनचा काका आणि शेवटी, काठी टेकत, डोक्यावर टोपी नीट करत सोनाम बाजे, म्हणजे सोनाम आजोबा. ओढ्यापलीकडच्या वस्तीतले ते सगळ्यात वयस्क. बोलायला लागले की पावसानंही थांबावं.

रोमिका उतरली नाही. बाटली उघडेपर्यंत तिला उंबरा ओलांडता येत नाही.

बाजे आत आले, जमिनीवर बसले आणि बाटली खालच्या बुटक्या टेबलावर ठेवली. गळ्याला लोण्याची बोटं ओढलेली, तोंडात मक्याच्या कणसाचं बूच. अंगणात तोवर सगळी वस्ती गोळा झाली होती.

“साइली नानी,” बाजेंनी लेकीला म्हणतात तसं नानी म्हणून सुरुवात केली, “तुमच्या अंगणातली एक चिमणी दिसत नाही म्हणून तुम्ही आभाळ धुंडाळत असाल. धुंडाळू नका. चिमणी आमच्या वळचणीला आहे. चोर आम्ही आहोत. दंड करा, शिव्या द्या, पण—”

“बाजे, तीन दिवसांनी यायचं असतं.”

“ठाऊक आहे.”

“मग आजच कसे?”

बाजेंनी काठी चाचपली. “चोरीत पाहुण्यांची गाडीही आली ना, नानी. मुलगी तीन दिवस ठेवता येते. गाडी ठेवली तर पोलीस येतात.”

अंगणात खसखस पिकली. साइली दिदी हसली नाही. बाबूंनी माझ्याकडे वाकून विचारलं, “हा कार्यक्रम आहे का? आमच्या पॅकेजमध्ये आहे?” केया मॅडमनी फोन काढून चित्रण सुरूही केलं होतं.

“मला एकच सांगा, बाजे,” साइली दिदी म्हणाली. “बिजेनच्या आईचं वय कधी भरतंय?”

काका कोंबड्याची पिसं नीट करू लागला. दारात उभा असलेला बिजेन आपल्या बुटांकडे बघत राहिला.

“मी विचारलं, कधी भरतंय?”

“...फागुनात,” काका म्हणाला.

आम्हा बायकांमधून एक सुस्कारा निघाला. ओढ्याच्या अलीकडे एक आई, पलीकडे एक आई. दोघींचं वय एकाच महिन्यात भरणार, दोघींची घरं मळ्याची, आणि दोघींच्या मधे पाठ एकच, रोमिकाची. ती ज्या काठावर राहील तिथली चूल राहणार.

“उचला बाटली,” साइली दिदी म्हणाली.

“नानी, पोरांचा जीव आहे एकमेकांवर.”

“माझाही होता. उचला. चोर आहोत म्हणता! चोर बरे, ते माल बघून चोरतात. तुम्ही कपाळ बघून आलात. एक बाई थकली, तिचा डोको टांगायला खुंटी शोधत आलात!”

“आणि तू?” काका तडकला. “तू तरी मुलगी कशाला मागतेस परत? आरती करायला? तुझी खुंटी आम्ही नेली म्हणून तुझा जळफळाट!”

“हो! माझी खुंटी! मी घडवली, मी वाढवली!” ती ओरडली आणि स्वतःच्याच शब्दाला दचकून थांबली.

तेवढ्यात ‘टक्’ असा आवाज झाला.

समाद्दार बाबूंनी बूच काढलं होतं. डाव्या हातात बूच, उजव्या हातात बाटली, आणि ते चहाच्या कपात ओतत होते. पन्नास डोळे आपल्यावर आहेत हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

“काय झालं? पाहुण्यांसाठीच आहे ना? स्वागताचं पेय?” त्यांनी एक घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. “वा. घरगुती दिसतंय.”

मग जो गलका उठला! बाजे काठी आपटत उभे राहिले. “उघडली! या घरात, या छताखाली उघडली!”

“बाबू पाहुणे आहेत!” मी ओरडले. “घरच्यानं उघडावी लागते!”

“घरचे नाहीत? मग गळ्यात खादा कुणी घातला? दर शुक्रवारी मी बिजेनकडून ऐकतो, साइली नानी दारात उभी राहून काय म्हणते ते! आजपासून तुम्ही या घरचे! म्हणते की नाही?”

“ते म्हणायचं असतं तसं!” मी म्हटलं.

“म्हणजे खोटं?” बाजेंनी विचारलं. “माणसाच्या गळ्यात खादा घालून, हात जोडून, खोटं?”

केया मॅडमनी मला बाजूला ओढलं. मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी नवऱ्याच्या हातातून कप काढून घेतला. “अहो, काय केलंत हे! तुम्ही यांच्या मुलीचं लग्न लावलंत!”

“मी?” बाबू मटकन खाली बसले. “मी तर आराम करायला आलो होतो.”

“ते नानीनं ठरवायचं,” बाजे खाली बसत म्हणाले. “बाबू परके, असं तिनं म्हणावं. मी बाटली उचलतो, मुलगी इथं सोडतो, चालत घरी जातो.”

सगळ्यांचे चेहरे साइली दिदीकडे वळले. ती उठली आणि कुणाकडे न बघता अंगणात गाडीपाशी गेली. मी मागे होते. काच खाली झाली.

“आमा, मी तुला फोन करणार होते...”

“त्याच्या आईचं वय कधी भरतंय, विचारलंस?”

रोमिकानं बिजेनकडे बघितलं. तो गाडीच्या पलीकडे उभा होता.

“तू सांगितलं नाहीस,” ती त्याला म्हणाली.

“तू विचारलं नाहीस.”

“अरे, मी त्या पट्ट्यापासूनच पळाले ना! तेवढ्यासाठीच ना!”

“मला वाटलं... नंतर बघू. तू नाही म्हटलं असतंस आधी सांगितलं असतं तर.”

रोमिका स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. समोर धुकं होतं, त्यात बघत. मग म्हणाली, “मी परत येते, आमा. तुझ्याकडे निदान पट्टा तेल लावलेला असेल.”

तिला चेष्टा करायची होती. पण ती जमली नाही.

झालं. साइली दिदीला जे हवं होतं ते आपणहून दारात चालत आलं होतं. लेक परत, नाव लागणार, घर राहणार. आता आत जाऊन एवढंच म्हणायचं की बाबू परके. तिनं खिडकीच्या कडेला हात ठेवला. कितीतरी वेळ ती लेकीच्या हातांकडे बघत होती.

“गाडी तू चालवत आणलीस?”

“याचे हात कापत होते.”

“कधी शिकलीस?”

“सोमवारी सोमवारी. पाहुणे गेल्यावर. तू मळ्यात असायचीस.”

“ओढ्याच्या चढाला बंद नाही पडली?”

“पडली. दोनदा.”

“मग?”

“परत चालू केली.”

साइली दिदीनं मान हलवली आणि वळून आत आली. बिजेनला तिनं बाहीला धरून ओढत आणलं आणि बाजेंसमोर उभं केलं.

“तुझ्या आईच्या जागी तू उभा राहा.”

“मी?”

“तू. पोटचा आहेस ना? मळ्यात मुलाचं नाव लागत नाही?”

“लागतं, पण...” काका मधे पडला. “अगं, पुरुषमाणूस बायकांच्या रांगेत पानं खुडणार?”

“नको खुडू दे. छाटणीला जाऊ दे, खड्डे खणू दे. पण नाव त्याचं, पाठ त्याची. हिच्या कपाळाला पट्टा लागता कामा नये. तुमच्याकडे नाही आणि...” ती अडखळली. “आणि इथं नाही.”

“आणि गाडी?” बिजेन पुटपुटला. ती गाडी म्हणजे त्याचं सर्वस्व होती. आरशाला त्यानं आपल्या हातानं मण्यांची माळ बांधली होती.

“गाडी हिला येते.”

बायका हसल्या. बिजेन लाल झाला. खोलीत कोंबडा तेवढा बोलत होता. बाबूंनी हळूच हात वर केला. “एक विचारू? उद्या आम्हाला स्टेशनला कोण सोडणार?”

“थांबा हो तुम्ही!” केया मॅडम म्हणाल्या.

“हो,” बिजेन म्हणाला.

“काय हो? मोठ्यानं बोल. ओढ्यापलीकडे तुझ्या आईला ऐकू जाऊ दे.”

“हो, आमा! मी उभा राहीन!”

बाजेंनी घसा साफ केला. “मग नानी, बाटलीचं काय? उघडणारा घरचा की परका?”

साइली दिदीनं बाबूंच्या गळ्यातला खादा सारखा केला. तो एका बाजूला घसरला होता. “मी घातलाय ना? घरचेच.”

समाद्दार बाबूंना एवढंच कळलं की आपल्याबद्दल काहीतरी चांगलं बोललं गेलं. ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना हात जोडले. अंगणात कुणीतरी मादल वाजवायला घेतला. रोमिका उंबरा ओलांडून आली आणि आईच्या पायावर अशी कोसळली की लोकांनी तिला उचलून बाजूला घेतलं.

मी चुलीपाशी साइली दिदीला गाठलं. “दिदी, आणि तुझं? फागुनात?”

“कोंबडा कापायला घे,” ती म्हणाली. “पाहुणे सकाळपासून नीट जेवले नाहीत.”

रविवारी रोमिकानंच त्यांना सोडलं. बाबू मागच्या सीटवर डोळे घट्ट मिटून, वरची पकड दोन्ही हातांनी धरून बसले होते. निघताना त्यांनी काच खाली केली आणि ठरलेलं वाक्य म्हटलं. यावेळी मला ते खरं वाटलं.

फागुन आला. बिजेननं शब्द पाळला. तो छाटणीच्या टोळीत आहे. टोळीतली माणसं त्याला अजून ‘ड्रायव्हर साहेब, हॉर्न वाजवा’ म्हणतात आणि तो कोयता आपटतो. त्याच्या आईचं घर राहिलं. आमच्या ऑफिसात साइली दिदी एकटीच गेली. मी बाहेर थांबले होते. बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, बदली आण. म्हटलं, नाही. म्हणाले, मग घर सोड. म्हटलं, कुठं जाऊ? मग त्यांनी आपापसांत बोलून सांगितलं, बदली मिळेपर्यंत तूच येत राहा. हात चालताहेत तोवर घर राहू दे.”

“म्हणजे सुटका नाही.”

“घर राहिलं ना,” ती म्हणाली. “चल, उशीर होईल.”

तेव्हापासून वय भरूनही ती आमच्याच रांगेत आहे. गुडघ्याला फडकं बांधते. उतारावर बाजूनं, खेकड्यासारखी उतरते. आम्ही दोघीतिघी आपल्या टोपलीतली मूठभर पानं तिच्या टोपलीत टाकतो आणि ती बघून न बघितल्यासारखं करते. बेंगळुरूला फोन केला की अजून भांडी वाजतात.

शुक्रवारी रोमिकाच पाहुणे घेऊन येते. हॉर्न वळणापासून वाजवत येते. आईसाठी गुडघ्याचं तेल आणते, चोळीला इस्त्री करते, आणि दोघी बदलीच्या त्या एका गोष्टीबद्दल कधीच बोलत नाहीत. साइली दिदी दारात उभी राहून खादा घालते. पण ‘आजपासून तुम्ही या घरचे’ म्हणायचं तिनं सोडलंय. “नमस्ते” म्हणते आणि पिशव्या उचलते.

परवाच्या रविवारी एक तरुण बाई निघताना अंगणात थबकली. उन्हात समोरचा उतार नुकता धुतल्यासारखा दिसत होता. “दीदी,” ती म्हणाली, “खरं सांगते, जावंसंच वाटत नाही. इथंच राहावं असं वाटतं कायमचं.”

“मग राहा की,” साइली दिदी म्हणाली. “जागा आहे.”

ती आत गेली, खिळ्यावरचा पट्टा घेऊन आली आणि त्या बाईच्या कपाळावर ठेवून तिनं तो मागून नीट ओढून बघितला. बाई खिदळली. नवऱ्याला म्हणाली, “फोटो काढ, फोटो काढ!”

“बसतोय गं, कान्छी,” साइली दिदी वर माझ्याकडे बघून म्हणाली. “नीट बसतोय.”

गाडीच्या स्टिअरिंगवर रोमिका बसली होती. तिनं आरशात बघितलं आणि नजर खाली केली. फोटो झाला. बाईनं पट्टा काढून परत दिला, केस सारखे केले आणि गाडीत जाऊन बसली. रोमिकानं गाडी चालू केली. एकदा बंद पडली. परत चालू केली.

आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत साइली दिदी अंगणात उभी होती. मग पायरीवर बसून तिनं पट्ट्याला तेल लावायला घेतलं. सोमवारी सकाळी लागणार होता.